भाज्याच्या भिंतीवर कोण आहे?

मळवली स्टेशनावर उतरून दक्षिणेकडची वाट धरली कीं थोड्याच वेळांत भाजें गांव लागतें. पाठीशीं विसापूरचा डोंगर, पलीकडे लोहगड, आणि गांवावरच्या कड्यांत इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून खोदलेलीं लेणीं. लोणावळ्यास हवा पालटण्यासाठीं येणारी मंडळी पावसाळ्यांत येथें धबधब्याखालीं भिजतात. त्यांतील कांहीं पायऱ्या चढून चैत्यगृहहि पाहतात. परंतु समूहाच्या टोकाशीं असलेल्या लहानशा विहारापर्यंत जाणारे थोडेच. त्या विहाराच्या ओसरींत एका खोलीचें दार आहे. त्या दाराच्या दोन्ही अंगांस जें कोरलेलें आहे, त्यानें शंभराहून अधिक वर्षें विद्वानांस स्वस्थ बसूं दिलेलें नाहीं.

डावीकडे चार घोड्यांचा रथ आहे. रथांत एक राजबिंडा पुरुष, त्याच्या दोन बाजूंस दोन स्त्रिया. एकीच्या हातीं छत्र, दुसरीच्या हातीं चवरी. रथाखालीं धिप्पाड, बेढब अशा राक्षसाकृति जणूं अंतराळांत तरंगत चिरडल्या जात आहेत. उजवीकडे प्रचंड हत्ती. त्यावर माळा ल्यालेला स्वार आणि त्याच्या मागें ध्वज घेतलेला सेवक. हत्तीनें सोंडेनें एक झाड उपटून उंच धरलें आहे. हत्तीच्या खालीं मात्र निराळेंच जग आहे. कठड्यानें वेढलेलें एक झाड, त्याच्या फांद्यांतून लोंबणाऱ्या मनुष्याकृति, आसनावर बसलेला राजा, समोर नाच आणि वीणावादन. वरच्या हत्तीपुढें हा खालचा राजा बाहुलीएवढा दिसतो.

हे कोण? पुष्कळ दिवस रूढ असलेलें उत्तर असें, कीं डावीकडे सूर्य आणि उजवीकडे ऐरावतावरचा इंद्र. दोन स्त्रिया म्हणजे सूर्याच्या पत्नी, आणि चाकांखालचे राक्षस म्हणजे अंधार. आनंद कुमारस्वामींनीं १९२७ सालच्या आपल्या भारतीय कलेच्या इतिहासांत हाच अर्थ घेतला, आणि लोकांच्या तोंडींहि ‘सूर्य गुंफा’ हें नांव बसलें. पुढें १९५० च्या सुमारास मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या (आजचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) पत्रिकेंत ज्ञानी यांनीं हें नांव पुसून दुसरें लिहिलें. त्यांच्या मतें हा मांधाता राजा. बौद्धांच्या ‘दिव्यावदाना’त त्याची कथा आहे. त्यानें पृथ्वी जिंकली, उत्तरकुरु देश पाहिला, जेथें झाडांनाच वस्त्रें आणि अलंकार लागतात. मग तो स्वर्गांत गेला, असुरांशीं युद्ध झालें, इंद्रानें त्यास अर्धें आसन दिलें. त्याला सबंध आसन हवेंसें वाटलें, आणि त्या इच्छेसरशीं तो खालीं पडला.

तिसरा एक पक्ष विद्वानांचा नव्हे, गवयांचा आहे. याच लेण्यांत एक स्त्री दोन वाद्यें जोडीनें वाजवीत असून दुसरी नाचत आहे. त्यावरून तबला दोन हजार वर्षांचा जुना ठरविण्याचा उत्साह अनेकांस होतो. जुन्या ग्रंथांत पुष्कर वाद्यांचें वर्णन आहे तेवढें पुरे असतां तबल्याचाच हट्ट कां, हें कळत नाहीं. ज्याच्या हातीं जें असतें, तें त्याला दगडांत दिसतें.

नांवाचा हा वाद वरवर क्षुल्लक वाटेल; तसा तो नाहीं. सूर्य आणि इंद्र म्हटलें, तर बौद्ध भिक्षूच्या खोलीच्या दाराशीं वेदांतील देव उभे राहतात, आणि त्या काळच्या मावळांतील धर्म कसा होता याचें एक चित्र तयार होतें. मांधाता म्हटलें, तर रोज सायंकाळीं त्या दारानें आंत शिरणाऱ्या भिक्षूला लोभाची कथा ओलांडून जावें लागत होतें. भिंत तीच, पण तीवरून काढलेला इतिहास दुसरा.

निवाडा कोणी करावयाचा? पहिलें उत्तर सुचतें तें असें, कीं कोरणाऱ्याच्या मनांत जें होतें तोच अर्थ. भारहुतच्या स्तूपावर कारागिरांनीं कित्येक कथांचीं नांवें शेजारींच कोरून ठेविलीं, म्हणून तेथें वाद थोडा. भाज्याच्या या शिल्पाशेजारीं तसें नांव नाहीं. १९४६ सालीं विमसट आणि बिअर्ड्‌स्ली या दोन अमेरिकन लेखकांनीं तर असें मांडलें, कीं कर्त्याचा हेतु हा कृतीचें मोजमाप म्हणून उपलब्धहि नसतो आणि इष्टहि नसतो. जें साधलें तें कृतींत दिसतें, न साधलें तें विचारून उपयोग नाहीं. त्यांचें बोलणें कवितेविषयीं होतें, परंतु ज्याचा कर्ता बावीस शतकांपूर्वीं निनावी गेला त्या शिल्पास तें अधिकच लागू पडतें.

मग हेतु सोडून आकार घ्यावा? मराठींत ही भूमिका सर्वांत निष्ठेनें घेतली ती बा. सी. मर्ढेकरांनीं. आकाशवाणीच्या नोकरींत आयुष्याचीं बरींच वर्षें घालविलेल्या या कवीनें ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांत संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन नियमांवर सौंदर्याची उभारणी केली. त्या दृष्टीनें भाज्याची भिंत पाहावी. डावीकडे पुढें धांवणारा रथ, उजवीकडे भिंत व्यापून राहिलेला जड हत्ती, आणि मधल्या दाराच्या काळोखानें दोहोंचा राखलेला तोल. सूर्य कीं मांधाता हें ठाऊक नसतांनाहि पाहणारा तेथें थबकतो तो यामुळेंच. हा मर्ढेकरांचा मोठा विजय. परंतु फांद्यांवर माणसें कां लोंबत आहेत, याचें उत्तर लयीच्या नियमांत मिळत नाहीं. ती आकृति कथा मागते.

या ठिकाणीं काश्मीरच्या शंकुकाचें स्मरण होतें. नवव्या शतकांतील या पंडिताचा ग्रंथ उरला नाहीं. अभिनवगुप्तानें त्याचें मत खोडण्यासाठीं सांगितलें म्हणून तें टिकलें. चित्रांतला घोडा पाहून होणारें ज्ञान, तो म्हणतो, चार नेहमींच्या प्रकारांत बसत नाहीं. ‘हा घोडाच’ असें खरें ज्ञान तें नव्हे, घोडा नसतां घोडा मानण्याची भ्रांति नव्हे, ‘घोडा कीं काय’ असा संशय नव्हे, ‘घोड्यासारखा’ असें सादृश्यहि नव्हे. तें पांचवेंच कांहीं आहे. नाटकांतल्या रामासाठीं योजिलेला हा दाखला भाज्याच्या रथास जुंपलेल्या चार घोड्यांस सहज शोभतो. रथांतील पुरुष ‘हा सूर्यच’ किंवा ‘हा मांधाताच’ असें ठासून सांगणारा विद्वान शिल्पाला पंचनाम्याचा कागद समजतो, असें म्हणणें थोडें कठोर होईल, पण चुकीचें होणार नाहीं.

इंद्रायणीच्या पलीकडे, वेहेरगांवच्या डोंगरांत, हाच प्रश्न उलट्या बाजूनें उभा राहतो. कार्ल्यास लेखांची वाण नाहीं. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनीं १८८१ सालीं व पुढें सेनार यांनीं ते छापून काढले, तेव्हांपासून तेथील जवळजवळ प्रत्येक खांब आपल्या दात्याचें नांव सांगूं लागला. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो कीं जंबुद्वीपांत उत्तम असें हें शैलगृह आपण पुरें केलें. धेनुकाकटाचा सामी नांवाचा सुतार दार केल्याचें सांगतो. दगडांत खोदलेल्या मंदिराचें दार सुतारानें करावें हें नवल खरें. पण १२४ फूट लांबीच्या त्या दालनाच्या छताला आजहि मूळच्या लांकडी कमानी आहेत, आणि त्यांनीं कसलाहि भार पेललेला नाहीं. लांकडी मंडपाची आठवण म्हणून त्या बसविल्या आहेत. अशा ठिकाणास इमारत म्हणावें कीं शिल्प? गवंडी जोडीत जातो. येथें तर काढून टाकीत गेले आहेत.

दर्शनी भिंतीवरच्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या पाहून कित्येकांनीं त्यांस दान देणारीं दंपतीं मानिलें. तेथील एका लेखांत मात्र भदसम नांवाच्या भिक्षूनें ‘मिथुन’ दान दिल्याचें लिहिलें आहे. गृहत्याग केलेल्या माणसानें युगुलमूर्ति करवावी, यावरून ती त्याची स्वतःची तसबीर खास नव्हे; दाराशीं असणारें मंगलचिन्ह या नात्यानें तिची योजना असावी. अर्थाचें दार येथें एका शब्दानें उघडलें. तरी तेवढ्यानें तें संपलें नाहीं. कांहीं शतकांनंतरच्या भिक्षूंनीं त्याच दर्शनी भागांत जागा काढून बुद्धमूर्ति कोरल्या. जुन्यांस बुद्धाची मूर्तिच नको होती, नव्यांस ती हवी झाली. त्यांनीं पूर्वजांचें काम बिघडविलें कीं पुढें नेलें? आणि आज चैत्रांत कोळी व आगरी मंडळी पालख्या घेऊन डोंगर चढतात तीं बुद्धासाठीं नव्हे, एकवीरेसाठीं. देवीचें देऊळ चैत्याच्या तोंडाशींच आहे. सिंहस्तंभाचा दुसरा जोडीदार असावा तो तेथेंच, असें मानतात. त्या भक्तांस ब्राह्मी वाचतां येत नाहीं म्हणून त्यांचें पाहणें खोटें ठरत नाहीं. मात्र भूतपालानें एकवीरेसाठीं लेणें पुरें केलें असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला लेख आडवा येतो.

रा. भा. पाटणकरांनीं ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलेच्या विचाराचे दोन ध्रुव मानिले, एक कलेला जीवनापासून स्वतंत्र ठेवणारा, दुसरा तिला जीवनाशीं जोडणारा, आणि एकाच ध्रुवानें काम भागत नाहीं असें दाखविलें. मावळच्या डोंगरांत त्याचा पडताळा येतो. भाज्याच्या या शिल्पास आकार भरपूर, लेख नाहीं; कार्ल्यास लेख भरपूर, आणि तरीहि अर्थ हलता.

म्हणून भाज्याच्या वादांत कसोटी एकच उरते, ती भिंतीची. जें नांव भिंतीवरच्या अधिक गोष्टींचा हिशेब देईल तें अधिक ग्राह्य. सूर्य म्हटल्यानें रथ आणि राक्षस जुळतात. खालचें झाड, राजा आणि नाच हीं मात्र अनाथ राहतात. मांधाता म्हटल्यानें झाडाला उत्तरकुरु मिळतो, राक्षसांना असुरपण मिळतें, म्हणून आज त्याचें पारडें थोडें जड वाटतें. पण वस्त्रें देणाऱ्या झाडाला वस्त्रेंच लोंबावयास हवीं होतीं. येथें माणसें आहेत. तिसरें नांव घेऊन येणाऱ्यानें प्रथम त्या कठड्यापाशीं उभें राहून फांदीवर कोण आहे तें सांगावें.