गांवशाळेचें शेरेबुक : एक दुर्लक्षित साधन

जुन्या कागदांच्या शोधास निघालेला संशोधक नागपूर प्रांतांतील एखाद्या गांवीं उतरला म्हणजे पाटलाचा वाडा पाहतो, पांड्याच्या वंशजांकडील रुमाल सोडवून घेतो, देवळाच्या पुजाऱ्यास सनदेविषयीं विचारतो. गांवच्या शाळेवरून मात्र तो सरळ पुढें जातो. आमच्याहि हातून हा प्रमाद घडला आहे.

भिवापूर घ्या. उमरेडहून नागभीडकडे जातांना लागणारें हें गांव मिरचीकरितां सर्वश्रुत आहे. आज तो स्वतंत्र तालुका आहे. पूर्वीं हा मुलूख उमरेड तहसिलींत मोडत असे. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें व १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. १८८३ च्या कायद्यानें डिस्ट्रिक्ट कौन्सिलें आलीं, १९४८ सालीं जनपद सभा, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषद. धनी बदलला कीं दप्तर हलतें, आणि दप्तर हललें कीं कांहीं कागद वाटेंत गळतात, हें संग्राहकांस सांगावयास नको.

राहतात ते गरजेपुरते. दाखलखारीज रजिस्टर जपलें जातें, कारण जन्मतारीख व जात यांचा तो पुरावा. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां तर शाळांचीं जुनीं रजिस्टरें सरकारनेंच चाळविलीं. परंतु परीक्षेचीं निकालपत्रकें आणि तपासनिसांचीं शेरेबुकें यांस असा कोणी वाली नाहीं. आणि शाळेंत मुलें काय शिकलीं हें सांपडलें तर तेथेंच सांपडावयाचें. सांपडलें तरी तें जसेंच्या तसें घेतां येत नाहीं, हें आम्हांस येथें विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

'इयत्ता' हा शब्दच मुळीं मापाचा. संस्कृतांत त्याचा अर्थ 'इतकेपणा', परिमाण. (नागपुराकडे बोलतांना अजूनहि 'वर्ग चौथा' म्हणतात, तो भाग वेगळा.) या मापाला पैसा जोडला गेला तो १८६२ सालीं, विलायतेंत. रॉबर्ट लो याच्या नियमावलीनें दर मुलामागें बारा शिलिंगांपर्यंत अनुदान ठरविलें. पैकीं चार हजेरीचे व आठ परीक्षेचे. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकीं एका विषयांत मूल नापास झालें कीं दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मॅथ्यू आर्नल्ड हा कवि स्वतः शाळातपासनीस होता. त्यानें त्याच वर्षीं या पद्धतीवर कडक टीका केली. तरीहि सर अलेक्झांडर ग्रँट हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे प्रमुख असतां (१८६५–६८) तेथें खाजगी शाळांस निकालावर अनुदान देण्याची रीत पडली, आणि १८८२ च्या हंटर कमिशननेंहि प्राथमिक शाळांपुरती तिची शिफारस केली. १९०४ सालच्या ठरावानें कर्झनच्या सरकारनें ती त्याज्य ठरविली.

याच कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं पुण्याहून १९ ऑक्टोबर १८८२ चें आपलें निवेदन दिलें. वर्षांतून एकदां होणाऱ्या तपासणीचा फारसा उपयोग नाहीं, ती निदान दर तिमाहीस व्हावी, आणि पूर्वसूचना न देतांहि व्हावी, अशी सूचना त्यांत आहे. आमच्या मतें मर्म या पूर्वसूचनेंतच आहे. साहेब येणार हें आठवडाभर आधीं ठाऊक असलेल्या दिवसाचा शेरा आणि अवचित भेटीचा शेरा, हीं दोन भिन्न जातींचीं साधनें होत.

हें सारें जुन्या काळचें म्हणून सोडावें, तर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्र सरकारनें राज्यभर शाळांची पटपडताळणी केली; एकच मूल दोनदां मोजलें जाऊं नये म्हणून बोटांस शाईहि लावली. पटावर असलेलीं पण वर्गांत नसलेलीं मुलें लाखांनीं निघालीं. शिक्षकांचीं पदें व अनुदान पटावर ठरत होतीं, पट फुगला. वतनाच्या तंट्यांतील महजर आपण ज्या सावधगिरीनें वाचतों, तीच येथेंहि हवी.

उलट, २००५ सालीं 'प्रथम' संस्थेनें सुरू केलेल्या 'असर' पाहणींत पाहणी करणारा मुलाच्या घरीं जातो व अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांनीं वाचवून घेतो. त्यावर कोणाचें अनुदान अडत नाहीं, म्हणून तिची साक्ष अधिक निर्मळ. परंतु जिल्ह्यांतील निवडक गांवांवरून ती जिल्ह्याचें मान काढते. एकट्या भिवापूरच्या शाळेविषयीं तिच्यांतून कांहीं कळावयाचें नाहीं. निर्मळ साक्षीदार गांवाबाहेरचा, आणि गांवांतला साक्षीदार हितसंबंधी, अशी ही अडचण आहे. शेरेबुकावांचून गत्यंतर नाहीं तें यामुळें.

तें हातीं लागल्यास नुसता शेरा उतरून घेऊं नये. पटाशेजारीं हजर मुलांचा आंकडा घ्यावा. मुली किती तें वेगळें लिहावें. भेटीची तारीख पाहावी. मिरचीच्या तोडणीचे दिवस असतील तर गैरहजेरीचा बोल गुरुजींस लावण्यापूर्वीं थांबावें. खाडाखोड व निराळ्या शाईनें मागाहून घातलेले आंकडे नोंदावे. मूळ पुस्तक शाळेच्याच कपाटांत राहूं द्यावें, आणि नकलेवर मुख्याध्यापकांची सही, शिक्का व तारीख घ्यावी.