वन्यजीव छायाचित्रणातील नीतितत्त्वे

वन्यजीव छायाचित्रणातील नीतितत्त्वे म्हणजे मुक्त अवस्थेतील प्राण्यांची छायाचित्रे घेताना प्राणी, त्यांचा अधिवास आणि परिसरातील माणसे यांना हानी पोहोचू नये म्हणून पाळावयाची पथ्ये होत. छायाचित्रापेक्षा प्राण्याचे हित श्रेष्ठ, हे या पथ्यांचे मूळ सूत्र आहे. अभयारण्यातील सफारीत वनविभागाचे नियम आणि मार्गदर्शकाची देखरेख असते. शेतात, घाटरस्त्यावर किंवा वस्तीत प्राणी अचानक समोर आल्यास अशी देखरेख नसते. त्यामुळे तेथे ही जबाबदारी सर्वस्वी कॅमेरा अथवा मोबाईल बाळगणाऱ्यावर येते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंदुकीच्या शिकारीला पर्याय म्हणून वन्यजीव छायाचित्रणाचा पुरस्कार झाला. अमेरिकेतील जॉर्ज शायरस यांनी रात्री प्रखर झोत वापरून काढलेली छायाचित्रे नॅशनल जिओग्राफिक मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध केली. पुढे छायाचित्र कोणत्या मार्गाने मिळवले, यालाही महत्त्व आले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेतील २००९ चे विजेते छायाचित्र, त्यातील लांडगा माणसाळवलेला असावा या निष्कर्षावरून २०१० मध्ये अपात्र ठरवण्यात आले.

अंतर आणि वर्तन

सुरक्षित अंतर जातीनुसार आणि प्रसंगानुसार बदलते. ते प्राण्याच्या वर्तनावरून ठरवावे लागते. चरणे थांबवून टक लावून पाहणे, कान फाकवणे, पाय आपटणे, इशारतीचे आवाज काढणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. नागाने फणा उभारणे हा बचावाचा पवित्रा असतो. अशी चिन्हे दिसताच सावकाश मागे सरकणे आणि प्राण्याची निसटण्याची वाट मोकळी ठेवणे आवश्यक असते. प्राण्याने मान वळवावी म्हणून हाका मारणे, दगड भिरकावणे किंवा खाद्याचे आमिष दाखवणे निषिद्ध मानले जाते. निशाचर प्राण्यांवर फ्लॅश वापरणे आणि ध्वनिमुद्रित आवाज पुन्हापुन्हा ऐकवून पक्ष्यांना बोलावणेही टाळले जाते.

घरटी आणि पिल्ले

विणीच्या काळात केवळ जवळ थांबण्यानेही हानी होऊ शकते. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात त्यांवर सावली धरते. पोटाची पिसे भिजवून ती अंडी थंड राखते. माणूस जवळ बसून राहिल्यास पक्षी परतत नाही आणि अंडी उन्हात तापतात. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे बछडे आढळतात. मादीने त्यांना परत न्यावे म्हणून वनकर्मचारी बछडे सापडलेल्या जागीच ठेवतात. छायाचित्रांसाठी जमलेली गर्दी ही भेट लांबवते. तसेच मादी जवळपासच असण्याची शक्यता असल्याने माणसांच्या जिवालाही धोका निर्माण होतो.

वस्तीत आलेले प्राणी

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. बघ्यांच्या गर्दीमुळे आणि पाठलागामुळे तो बिथरून सैरावैरा धावला; पकडल्यानंतर त्याचा मृत्यू झाला. पाठलागाच्या अतिश्रमाने व भीतीने प्राण्याचे स्नायू निकामी होऊन तो दगावू शकतो. या अवस्थेस ‘कॅप्चर मायोपथी’ म्हणतात. म्हणून अशा वेळी चित्रीकरणासाठी थांबण्याऐवजी तेथून दूर होणे आणि वनविभागास कळवणे योग्य ठरते. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे.

कायदेशीर तरतुदी

भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत प्राण्यांना मारण्याबरोबरच त्यांना हाकणे, आमिष दाखवणे, तसेच वन्य पक्षी व सरपटणारे प्राणी यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश होतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करण्याचा परवाना कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात.

प्रसिद्धी आणि स्थानगोपन

मोबाईलमधील छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत ही माहिती शिकाऱ्यांच्या हाती पडू शकते किंवा तिच्यामुळे त्या जागी गर्दी लोटू शकते. त्यामुळे छायाचित्र प्रसिद्ध करताना ही नोंद काढून टाकावी, घरटे वा गुहेचे नेमके ठिकाण सांगू नये आणि केवळ तालुका किंवा जिल्ह्याचा उल्लेख करावा, असा संकेत आहे.