किहीमकर (आडनाव)

किहीमकर (अन्य लेखन: केहीमकर, केहिमकर) हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील किहीम या गावाच्या नावावरून तयार झालेले मराठी आडनाव आहे. ते प्रामुख्याने बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाशी निगडित मानले जाते. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्यामुळे ते अभ्यासकांना परिचित झाले. मूळ गाव लहान, समाज अल्पसंख्य आणि त्यातील बहुसंख्य कुटुंबे विसाव्या शतकात देशांतर करून गेलेली, या कारणांनी हे आडनाव महाराष्ट्रात विरळ आहे. इस्रायल, अमेरिका, कॅनडा आदी देशांत ते अधिकच दुर्मीळ असून तेथे त्याचा अर्थ मराठी न जाणणाऱ्यास उमगत नाही.

मूळ गाव

किहीम हे अलिबाग तालुक्यातील अरबी समुद्राच्या काठचे गाव आहे. अलिबागहून किनाऱ्याने उत्तरेस जाताना थळ, नवगाव, किहीम, आवास, सासवणे अशी गावे क्रमाने लागतात. हा प्रदेश पूर्वी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. किहीमलगतच्या नवगावला बेने इस्रायल समाजाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. समाजातील परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांचे दफन नवगावात झाले, असे मानले जाते. आज तेथे या घटनेचे स्मारक आहे. हे आगमन नेमके केव्हा झाले याविषयी एकमत नाही. हाइम केहिमकर यांनी ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाले असावे, असे मत मांडले होते.

वाचलेल्यांचे वंशज कुलाब्याच्या आणि जंजिरा संस्थानाच्या गावोगावी विखुरले. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी झाली, वेशभूषा व खाद्यपदार्थ कोकणी झाले. मात्र शनिवारचा विसावा, मुलांची सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना यांचे पालन चालू राहिले.

व्युत्पत्ती आणि रूप

मराठीत ग्रामनामाला '-कर' हा प्रत्यय लागून 'त्या गावचा रहिवासी' किंवा 'त्या गावाहून आलेला' या अर्थाचा शब्द तयार होतो. प्रत्यय लागताना मूळ नावाच्या अखेरच्या स्वरात पुष्कळदा बदल होतो. 'रोहा'चे 'रोहेकर' आणि 'दांडा'चे 'दांडेकर' होते, तर 'सातारा'चे 'सातारकर' होते. 'अष्टमी'पासून 'अष्टमकर' होते. 'रत्नागिरी'चे मात्र 'रत्नागिरीकर' असेच राहते. 'किहीम' व 'पेण' ही नावे व्यंजनान्त उच्चाराची असल्याने त्यांच्यात बदल होत नाही आणि 'किहीमकर', 'पेणकर' ही रूपे सरळ सिद्ध होतात.

गावाचे नाव आज 'किहीम' असे लिहिले जाते. आडनावात मात्र 'के' असलेले रूपही रूढ आहे व रोमन लेखनात तेच अधिक आढळते. ग्रामनाम आणि आडनाव यांच्या लेखनात असा फरक पडणे नवे नाही. चौल या प्राचीन बंदराचे 'चेऊल' हे रूप 'चेऊलकर' या आडनावात टिकून राहिले आहे. गावाचे नाव बोलीत व सरकारी दप्तरात बदलत राहते, परंतु गाव सोडून गेलेल्या कुटुंबाच्या आडनावात त्याचे जुने किंवा स्थानिक रूप गोठून राहू शकते.

आडनाव केव्हा पडते

'-कर' प्रत्ययाची आडनावे स्थलांतराशी जोडलेली असतात. गावात राहणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने ओळखण्याचे प्रयोजन नसते, कारण तेथे सर्वच त्या गावचे असतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील रहिवाशाला न्हावऱ्यात कोणी 'न्हावरेकर' म्हणणार नाही. तो पुण्यात वा मुंबईत जाऊन राहिला, तर तेथील लोक त्याला सहज तसे म्हणू लागतील. तसेच किहीममध्ये 'किहीमकर' या शब्दाने माणूस वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे हे आडनाव जितके मूळ गावाची साक्ष देते, तितकीच ते गाव सोडल्याचीही देते.

बेने इस्रायल समाजाचे खेड्यांतून मुंबईकडे स्थलांतर अठराव्या शतकात सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकात वाढले. बांधकाम, गोदी, कंपनी सरकारची फौज व पुढे कारकुनी ही त्यांच्या उपजीविकेची साधने झाली. या समाजात व्यक्तिनामांची संख्या मर्यादित होती. बायबलमधील नावे कोकणी वळणाने उच्चारली जात: सॅम्युएलचा 'सामाजी', इझिकेलचा 'हसाजी', अब्राहमचा 'अबाजी', मोझेसचा 'मुसाजी'. एकाच नावाची आणि एकाच पितृनामाची अनेक माणसे शहरात एकत्र आल्यावर गावाचे नाव त्यांना वेगळे ओळखण्यास उपयोगी पडले. मुंबईतील या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर 'शार हरहमीम' १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेत होते. मराठीत त्यांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर असे घेतले जाते. या एका नावात बायबलमधील व्यक्तिनाम, त्याचे कोकणी रूप आणि कोकणातील ग्रामनाम एकत्र आले आहे.

समाजातील अन्य ग्रामनामसाधित आडनावे

बेने इस्रायल समाजात अशी शंभराहून अधिक आडनावे होती. त्यांची गावे नकाशावर मांडली असता समाजाच्या जुन्या वस्तीचा विस्तार दिसतो. काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

• पेणकर – पेण
• रोहेकर – रोहा
• अष्टमकर – रोह्यासमोर कुंडलिका नदीपलीकडील अष्टमी
• चेऊलकर – चौल
• नवगावकर – नवगाव
• आवासकर – आवास
• झिराडकर – झिराड
• वाकरुळकर – वाकरूळ
• राजपूरकर – जंजिऱ्याजवळील राजपुरी

यांतील सर्वच आडनावे एकट्या ज्यू समाजाची नाहीत. दिवेकर व दांडेकर ही आडनावे चित्पावन ब्राह्मणांतही आहेत. ग्रामनामसाधित आडनाव गाव सांगते. जात किंवा धर्म सांगत नाही. एकाच गावातून निघालेली दोन भिन्न समाजांची कुटुंबे एकच आडनाव धारण करू शकतात. किहीमकर या आडनावालाही हा नियम लागू पडतो.

विरळतेची कारणे

१. गावाचा आकार. पाटील, जाधव, पवार यांसारखी आडनावे पदावरून किंवा कुळावरून आली असल्याने ती अनेक प्रदेशांत स्वतंत्रपणे पसरली. किहीमकर हे मात्र एकाच गावाशी बांधलेले आहे. त्या गावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांपैकी ज्यांनी ते स्वीकारले, तेवढीच ते पुढे नेऊ शकली.

२. समाजाची संख्या. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सर्व ज्यूधर्मीयांची संख्या पाच हजारांपेक्षा कमी होती. यात बेने इस्रायलांखेरीज कोचीन येथील ज्यू, बगदादी ज्यू आदी गटही येतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

३. आडनाव वगळण्याची प्रथा. समाजातील अनेकांनी शाळा, नोकरी व सार्वजनिक जीवनात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढेच वापरले. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस यांचे आडनाव राजपूरकर होते. परंतु मुंबईतील रस्ता 'डॉ. ई. मोझेस मार्ग' म्हणून ओळखला जातो. 'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटातील जॉनचाचाच्या भूमिकेसाठी नावाजलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे श्रेयनामावलीत केवळ 'डेव्हिड' असत. भारतातील आद्य स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी एक असलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात गाव राहिले, 'कर' मात्र गळले. अशा प्रकारे पुढच्या पिढीत वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव बनते व गावाचा उल्लेख लोपतो.

४. देशांतर. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर पुढील दोन-तीन दशकांत समाजाचा फार मोठा भाग तिकडे गेला.

देशांतरानंतर

इस्रायलमध्ये बेने इस्रायल कुटुंबे मुख्यतः डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला आदी गावांत वसली. नव्या राष्ट्रात येणाऱ्यांनी जुन्या देशाची आडनावे टाकून हिब्रू नावे घ्यावीत, असा प्रघात तेथे आरंभीच्या काळात प्रबळ होता. बेने इस्रायलांची व्यक्तिनामे मुळातच बायबलमधील असल्याने ती बदलण्याची गरज नव्हती. परकेपणा दाखवणारा भाग होता तो ग्रामनामाचा. काहींनी तो टाकला, काहींनी वडिलांचे नाव आडनाव म्हणून पुढे केले, तर काहींनी मूळ आडनाव तसेच राखले.

लेखनामुळेही अडचण येते. हिब्रू लिपीत स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे आडनाव लिहून दाखवले तरी त्याचा उच्चार वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोपवला जातो. रोमन लिपीत स्वर लिहिले जातात, पण ऱ्हस्व-दीर्घ भेद राहत नाही. यामुळे एकाच कुटुंबाच्या दोन शाखांचे आडनाव दोन देशांच्या दप्तरांत भिन्न प्रकारे नोंदले जाणे संभवते.

आडनावाचा प्रश्न केवळ लेखनापुरता मर्यादित नव्हता. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. शतकानुशतके मुख्य ज्यू जगापासून दूर राहिलेल्या या समाजाकडे वंशाचे लेखी पुरावे नव्हते. होती ती कोकणातील गावांची नावे, कबरी आणि पाळत आलेले आचार. समाजाने याविरुद्ध तीव्र आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचा ठराव केला. ज्या आडनावांमुळे हे लोक कोकणातील इतर रहिवाशांसारखेच वाटत, तीच आडनावे त्यांच्या कोकणातील दीर्घ वास्तव्याची खूण होती.

इस्रायलमधील या समाजात मराठी बोलणारी जुनी पिढी अद्याप आहे आणि तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही प्रसिद्ध होत आले आहे. तेथेच जन्मलेल्या पिढ्यांची भाषा मात्र हिब्रू आहे. मराठी जाणणाऱ्याला '-कर' ऐकताच गावाची चौकशी करावीशी वाटते. हिब्रू किंवा इंग्रजी भाषकाला तो आडनावाचा एक निरर्थक शेवट वाटतो.

वंशशोधातील उपयोग आणि मर्यादा

कुलवृत्तान्त जुळवणाऱ्यांसाठी हे आडनाव महत्त्वाचा दुवा आहे, कारण ते शोध एका निश्चित गावापर्यंत नेते. त्या परिसरातील दफनभूमी, प्रार्थनामंदिरांतील विवाहनोंदी आणि जमिनीचे दप्तर यांपासून पुढील शोध सुरू करता येतो. या समाजाच्या कबरींवर हिब्रूबरोबर मराठी मजकूरही आढळत असल्याने देवनागरी वाचता येणे शोधकाला आवश्यक ठरते.

तथापि केवळ आडनावावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. किहीममधून वेगवेगळ्या काळी निघालेल्या व एकमेकांशी नाते नसलेल्या कुटुंबांनी हेच आडनाव घेतलेले असू शकते. उलटपक्षी सख्ख्या भावांपैकी एकाच्या वंशात किहीमकर आणि दुसऱ्याच्या वंशात वडिलांचे नाव आडनाव म्हणून चालू असणेही शक्य आहे. आडनाव सारखे म्हणून नाते, किंवा वेगळे म्हणून परकेपणा, यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही.

उल्लेखनीय व्यक्ती

हाइम सॅम्युएल केहिमकर – एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारक व इतिहासकार. मुंबईत १८७५ मध्ये सुरू झालेल्या इस्रायली शाळेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. ही शाळा पुढे माझगाव येथील सर एली कदूरी विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतातील बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. १८९७ मध्ये पूर्ण झालेला हा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही; तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. समाजाच्या चालीरीती, नावे व परंपरा यांविषयीचा तो आजही एक मूलभूत आधार आहे.

आयझॅक केहिमकर – फुलपाखरांचे अभ्यासक, छायाचित्रकार व लेखक. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. भारतातील फुलपाखरांवरील त्यांचा सचित्र इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संस्थेशी निगडित असलेले पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा आपला प्रसिद्ध अभ्यास १९३० मध्ये किहीम येथे केला होता.

हे सुद्धा पहा

• बेने इस्रायल
• किहीम
• नवगाव
• मराठी आडनावे
• भारतातील ज्यू धर्म