वसईचा दुभाषी : जपानांतील संत गोन्सालो गार्सिया

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या मंगल समयीं आमच्या पूर्वजांना धर्म शिकविणाऱ्या परदेशी पाद्र्यांचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यांवर जे भग्नावशेष उभे आहेत, तेथें सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन मठवासी आमच्या साष्टीच्या मुलांना अक्षरें व प्रार्थना शिकवीत असत. परंतु शिक्षक केवळ समुद्रापलीकडून इकडे आले, असें नाहीं. साष्टीच्या उत्तरेस खाडी ओलांडतांच लागणाऱ्या वसईचा एक मुलगा त्याच शतकांत धर्मशिक्षक होऊन जपानांत गेला. त्याच्या मूर्तीपुढें आम्ही मेणबत्त्या लावतों. त्याच्या हुतात्मतेपूर्वीचें आयुष्य मात्र आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?

गोन्सालोचा जन्म सन १५५७ च्या सुमारास झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईचीच. जेसुइट पाद्र्यांच्या हाताखालीं त्याचें शिक्षण झालें आणि वयाच्या सुमारें पंधराव्या वर्षीं तो त्यांच्याबरोबर जपानला निघाला. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं कागोशिमास उतरल्याला तेव्हां पंचवीस वर्षेंही झालीं नव्हतीं. पाद्री थोडे, गांवें पुष्कळ. म्हणून बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची तयारी, मुलांचें धर्मशिक्षण व दुभाष्याचें काम हीं बरींचशीं मिशनच्या घरांत राहणाऱ्या साहाय्यकांवर पडत. गोन्सालो अशांपैकीं एक झाला. पादत्राणें दारांत काढून चटईवर बसणें वसईच्या मुलाला कांहीं जड गेलें नसावें. जड होती ती भाषा. जपानींत समोरचा माणूस थोर कीं लहान, यावरून क्रियापदाचें रूपच बदलतें. शेतकऱ्याशीं बोलावयाची वाणी सरदारापुढें चालत नाहीं. ती त्यानें इतकी आत्मसात केली कीं पुढें तिच्याच बळावर त्याला राजसभेंत उभें राहतां आलें.

सुमारें आठ वर्षें त्यानें ही सेवा केली. जेसुइट संघांत प्रवेश मिळावा ही त्याची मनींची आस होती. ती पुरी झाली नाहीं. तेव्हां तो मिशन सोडून व्यापारांत शिरला आणि व्यापारांत त्याला यशही आलें. सेमिनरींत असतांना आम्ही चरित्राचीं हीं पानें झरझर उलटीत असूं. हुतात्म्याची खरी कथा पुढें आहे असें आम्हांस वाटे. आज इतक्या वर्षांच्या धर्मसेवेनंतर आम्ही नेमके येथेंच थांबतों. ज्या घरासाठीं ऐन तारुण्याचीं वर्षें वेंचलीं, त्याचें दार उघडलें नाहीं, आणि तरीही मनांत कडवटपणा शिरला नाहीं, ही गोष्ट आम्हांस वधस्तंभाइतकीच कठीण वाटते. मनिला येथें त्याची फ्रान्सिस्कनांशीं गांठ पडली. पैसा व पेढी टाकून त्यानें त्यांचा झगा अंगावर घेतला. तोही पुरोहित म्हणून नव्हे, साध्या बंधूचा.

सन १५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन पाद्र्यास वकील करून जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याजकडे पाठविलें. दुभाषी अर्थातच ब्रदर गोन्सालो. मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीनें १५८७ सालींच काढला होता. तरी या मंडळीस राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो येथें त्यांनीं मठ व देऊळ उभारलें, जवळच रोग्यांसाठीं इस्पितळें काढलीं आणि समाजानें दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांना त्यांत आश्रय दिला. गुरुजनांची जपानी तोकडी. म्हणून प्रवचन असो, अधिकाऱ्यापुढील अर्ज असो वा रोग्याचें गाऱ्हाणें, भार दुभाष्यावरच. दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणें पोंचवून स्वतः मागें राहणें, हीही एक तपश्चर्याच नव्हे काय?

ऑक्टोबर १५९६ मध्यें ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागलें. त्यावरील मालाची जप्ती व त्यांतून वाढलेला संशय यांनीं हिदेयोशीचा कोप ओढवला. डिसेंबरांत मठवासी पकडले गेले. जानेवारीच्या आरंभीं क्योतो येथें चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यांत त्यांना सुमारें महिनाभर नागासाकीपर्यंत चालविलें. वाटेंत आणखी दोघे मिळाले. एकंदर सव्वीस : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेसुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्या सतरांत मठाच्या छायेंत वाढणारीं मुलेंही होतीं. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर वसईचा शिक्षक व तीं मुलें एकाच ओळींत क्रुसांवर चढलीं.

पोप आठवे अर्बन यांनीं १६२७ सालीं त्याला धन्य म्हटलें, व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संतपद दिलें. मधल्या काळांत, १७३९ मध्यें, वसई मराठ्यांकडे गेली आणि किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं. येशूच्या पवित्र नामाचें जेसुइटांचें देऊळ मात्र किल्ल्यांत अद्याप उभें आहे. ज्या संघानें त्याला आपल्यांत घेतलें नाहीं, त्याच संघाचें हें देऊळ. लोक आज त्याला गोन्सालो गार्सियाचें देऊळ म्हणतात.