झाशीचा जाळ आणि पायथॉनचा पहारा

आजचा भाग झाशीचा आहे आणि संगणकाचाही. आधी झाशी.

मार्च १८५८. जनरल ह्यू रोजने शहराला वेढा घातला होता. टेकडीवर त्याने निशाणांची चौकी बसवली होती. ३१ मार्चला तिथूनच त्याला इशारा मिळाला, की तात्या टोपे मोठी फौज घेऊन येत आहेत. त्या रात्री तात्यांनी झाशीला खूण म्हणून प्रचंड जाळ पेटवला. किल्ल्याने तोफांच्या सलामीने उत्तर दिलं. झाशीला धीर आला, पण तो जाळ इंग्रज छावणीलाही तितकाच दिसला. १ एप्रिलला बेतवेच्या लढाईत तात्यांना माघार घ्यावी लागली आणि ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले.

जाळामुळे पराभव झाला असं मी म्हणत नाही. इंग्रजांना बातमी आधीच होती. मुद्दा एवढाच, की घाईत माणूस हाताशी असेल तेच साधन वापरतो. आदल्याच वर्षी लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेले इंग्रज ग्रीक लिपीत चिठ्ठ्या पाठवत होते. साधीच युक्ती, पण चिठ्ठी पकडली गेली तरी सहज वाचता येऊ नये, याची सोय तिच्यातच होती.

आता संगणक. पायथॉन ही जगभर वापरली जाणारी प्रोग्रामिंगची भाषा. डिसेंबर २०१४ पर्यंत तिच्यात एक फट होती. प्रोग्राम एचटीटीपीएसने सर्व्हरशी बोलू लागला, की मजकूर गुप्त व्हायचा. पण समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे आपोआप तपासलं जायचं नाही. ती तपासणी प्रोग्रामरने वेगळी लिहायची. म्हणजे पाकीट सीलबंद, पण घेणारा कोण हे पाहायचंच नाही! मधे बसलेल्या भामट्याला एवढं पुरतं.

२.७.९ या आवृत्तीत हे उलटं झालं. सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि नाव तपासणं हेच मूळ सेटिंग झालं. तपासणी नको असेल, तर तसं मुद्दाम लिहावं लागतं.

आमच्या सैन्यातला संत्री रात्री प्रत्येकाला दरडावतो, "थम! कौन आता है?" आवाज ओळखीचा वाटला तरी. नियम पाळायला कुणाची परवानगी लागत नाही, मोडायला लागते. चांगल्या सॉफ्टवेअरची शिस्तही हीच.

तुमच्या घरात कोणी प्रोग्रामर असेल, तर आज एवढंच विचारा: चाचणीपुरती म्हणून बंद केलेली तपासणी पुन्हा चालू केलीस ना?

जय हिंद.