टर्बोच्या आधी की नंतर? लॅम्डा सेन्सरच्या जागेचा इतिहास

सेन्सर काय मोजतो ते आपण पाठ करतो, तो कुठे बसवलाय हे विचारायचं राहून जातं. गाडीच्या एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघा.

बॉशचा लॅम्डा सेन्सर 1976 मध्ये वोल्वोच्या गाड्यांत आला. आत झिर्कोनियाचं सिरॅमिक, आणि सूत्र नर्न्स्टचं, 1889 चं: दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबांचं गुणोत्तर घ्या, व्होल्टेज मिळतं. अडचण एवढीच की हे सिरॅमिक साधारण 300 अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तेव्हा त्यात हीटर नव्हता, म्हणजे इंजिनाजवळची जागा बरी.

टर्बो आला की इथेच पेच. टर्बाइनच्या आधी वायू भरपूर गरम, पण दाबही चढलेला. नंतर दाब उतरतो, पण टर्बाइनने उष्णता खाल्लेली असते आणि गार इंजिनावर सेन्सर लवकर जागा होत नाही. 1982 मध्ये बॉशनेच हीटरवाला सेन्सर आणला, तेव्हा टर्बाइननंतरची जागा सोयीची झाली.

दाबाची एवढी भीती का? साध्या सेन्सरला खरं तर नाहीच. सूत्रात लॉगरिदम आहे. 900 केल्विनला दाब दुप्पट झाला तरी फरक फार तर 13 मिलिव्होल्ट. (करून बघा, दोन ओळींचं गणित आहे.) पुढे आलेल्या वाइडबँड सेन्सरमध्ये मात्र विसरणाने आत येणाऱ्या वायूचा पंपिंग करंट मोजतात, आणि तो दाबाबरोबर सरकतो. त्यामुळे टर्बाइनआधी घेतलेला वाइडबँडचा आकडा तुमच्या डेटात दिसला, तर दाबाची दुरुस्ती केली होती का, हे आधी शोधा.