लाकडी पेटी आणि वाहते पाणी : संगणकाच्या बाह्यांगाच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांच्या इतिहासात यंत्राच्या अंतरंगास जेवढे स्थान मिळते तेवढे त्याच्या बाह्यांगास मिळत नाही. संगणकाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडल अशा पायऱ्यांनी त्याचा विकास सांगण्याची रूढी पडली आहे. हे सारे ज्या पेटीत बसविले जाते तिचा विचार झालाच तर शोभेची बाब म्हणून होतो. या दृष्टीने पाहिल्यास, एखाद्या हौशी कारागिराने स्वतःच्या हाताने लाकडी पेटी घडवावी, तीत संगणकाचे भाग बसवावे आणि त्यांच्या शीतकरणासाठी पाण्याच्या नळ्या फिरवाव्या, हा अलीकडे अनेक देशांत आढळणारा उद्योग निव्वळ छंद ठरतो. पत्र्याच्या पेटीचा कंटाळा आला म्हणून माणसे लाकडाकडे परतली, असे त्याचे स्पष्टीकरण सहज सुचते. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. संगणकाच्या पेटीतून लाकूड गेले ते केवळ रुची पालटल्यामुळे नव्हे, आणि ते परत आले तेही केवळ त्या कारणाने नव्हे. दोन्ही वेळी निर्णायक प्रश्न हा होता की, पेटीवर कोणकोणती कामे सोपविलेली आहेत. या कामांत उष्णता बाहेर घालविण्याचे काम प्रमुख होय.

१

गणनयंत्रांचा आरंभीचा काळ हा लाकडाचाच काळ होता. फ्रान्समध्ये तोमा द कोलमार याने १८२० मध्ये पेटंट घेतलेले अ‍ॅरिथमोमीटर हे यंत्र सामान्यतः झाकणाच्या लाकडी पेटीत मिळे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरलेली हर्मन होलेरिथ याची विद्युत्-यंत्रे मेजासारख्या लाकडी सांगाड्यात बसविलेली होती. अशा यंत्रांत उष्णता नाममात्र निर्माण होई. धूळ अडविणे, नाजूक भाग सांभाळणे आणि यंत्र हलविण्यास सोयीचे करणे, एवढीच कामे पेटीकडे होती. ती करण्यास कुशल सुतार पुरेसा होता.

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांनी ही स्थिती बदलली. १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिअ‍ॅक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्यास सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. यंत्रात शिरलेली ही वीज अखेर जवळजवळ सर्वस्वी उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. म्हणजे गणित करणारे यंत्र हे त्याच वेळी एक मोठी शेगडीही होते. अशा यंत्रांसाठी पोलादी सांगाडे आणि जोरदार पंखे यांचा अवलंब झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये सुरू झालेले टिफ्रॅक हे यंत्रही याच परंपरेतले. त्याच्या सुमारे २,७०० निर्वात नलिका पोलादी सांगाड्यात बसविलेल्या होत्या आणि मंडलांपर्यंत हात पोहोचावा म्हणून सांगाड्यास दोन्ही बाजूंनी दारे होती. यंत्राची पेटी आता यंत्रशाळेचाच एक भाग झाली. सुताराचा तिच्याशी असलेला संबंध तुटला.

२

हा संबंध पुन्हा जुळला तो १९७६ मध्ये, आणि तोही अल्पकाळ. स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक आणि स्टीव्ह जॉब्स यांचा अ‍ॅपल-१ हा संगणक ६६६.६६ डॉलरना विकला जाई. या किमतीत ग्राहकास जोडणी पूर्ण झालेला एक मंडलफलक मिळे. रोहित्र, कळफलक, पडदा आणि पेटी यांची व्यवस्था त्याने स्वतः करावयाची असे. असे सुमारे २०० फलक तयार झाले. काही ग्राहकांनी त्यांसाठी लाकडी पेट्या करविल्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातील एक अ‍ॅपल-१ अशाच पेटीत आहे. त्याच वर्षीच्या सोल-२० या संगणकाच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या फळ्या होत्या. या यंत्रांची वीज-गरज इतकी अल्प होती की पेटीत थोडी मोकळी जागा आणि चार भोके ठेवली म्हणजे पुरत असे.

पुढील पाच वर्षांत ही संधी नाहीशी झाली. तिची कारणे तीन. पहिले कारण उत्पादनाचे : १९७७ चा अ‍ॅपल-२ साच्यात घडविलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणात आला, आणि हजारोंच्या संख्येने एकसारख्या पेट्या काढण्यात सुतारकाम साच्याची बरोबरी करू शकत नव्हते. दुसरे कारण कायद्याचे : संगणकातील जलद विद्युत्-स्पंदनांमुळे शेजारच्या रेडिओ-दूरचित्रवाणीत व्यत्यय येऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये अशा किरणोत्सर्जनावर मर्यादा घातल्या. या मर्यादांत न बसल्यामुळे टीआरएस-८० मॉडेल-१ या लोकप्रिय संगणकाची अमेरिकेतील विक्री १९८१ च्या आरंभी थांबवावी लागली. धातूची सलग पेटी रेडिओलहरी अडविते. लाकडातून त्या विनासायास पार होतात. तिसरे कारण उष्णतेचे : प्रक्रियकाची वीज-गरज जसजशी वाढत गेली तसतशी पेटी ही हवेचा नियंत्रित मार्ग बनली, पुढून थंड हवा आत घ्यावयाची आणि मागून तापलेली बाहेर फेकावयाची. आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकापासून पंखा असलेली पत्र्याची पेटी हे मेजावरील संगणकाचे सर्वमान्य रूप झाले.

३

पाण्याची वंशावळ सर्वस्वी वेगळी आहे. लाकूड हौशी माणसाकडून आले. पाणी आले ते मोठ्या संस्थांच्या यंत्रशाळांतून. १९५१ च्या युनिव्हॅक-१ मध्येच थंड पाण्याने गार केलेली हवा यंत्रातून खेळविली जात असे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ९१ या १९६७ पासून ग्राहकांच्या हाती आलेल्या यंत्रातही पाण्याचा उपयोग होता. पाण्याला प्रत्यक्ष चिपच्या निकट आणण्याचे काम आयबीएमच्या ३०८१ या १९८० मध्ये घोषित झालेल्या यंत्राने केले. त्याच्या एका खंडात शंभराहून अधिक चिपा असत. प्रत्येक चिपेवर स्प्रिंगने दाबलेला एक धातूचा दट्ट्या टेकलेला असे, मधली पोकळी हेलियम वायूने भरलेली असे, आणि वरच्या थंड पट्टिकेतून पाणी वाहत असे. चिपेपासून पाण्यापर्यंत उष्णतेची वाट आखून देणारी ही रचना यंत्रविद्येचा उत्तम नमुना मानली जाते.

परंतु १९९० च्या दशकात पाणीही हद्दपार झाले. कमी वीज खाणाऱ्या सीमॉस जातीच्या चिपांकडे उद्योग वळला; आयबीएमने १९९४ मध्ये तिच्यावर आधारलेली हवेने थंड होणारी मोठी यंत्रे बाजारात आणली. नळ, पंप व गळतीची भीती यांतून यंत्रशाळा मुक्त झाल्या. ही मुक्ती कायमची आहे, असे त्या वेळी कोणास वाटले असल्यास नवल नाही.

ती कायमची ठरली नाही. ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसतसा त्यास लागणारा विद्युत्-दाबही कमी करता येतो, आणि म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळातील उष्णता वाढत नाही, असा नियम रॉबर्ट डेनार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला होता. २००४ च्या सुमारास हा नियम लागू पडेनासा झाला. त्याच वर्षी इंटेल कंपनीने प्रचंड वेगासाठी योजलेल्या टेजस या प्रक्रियकाचे काम सोडून दिले, आणि अ‍ॅपलने मेजावरील पॉवर मॅक जी-५ संगणकाच्या सर्वांत वेगवान प्रकारात द्रवशीतन आणले. पुढे यंत्रशाळांतही पाणी परतले. जर्मनीतील गार्खिंग येथील सुपरमूक या महासंगणकाने २०१२ मध्ये कोमट पाण्यानेही शीतकरण साधते हे मोठ्या प्रमाणावर दाखविले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकातही द्रव थेट उष्ण भागांपर्यंत नेण्याची योजना आहे.

४

लाकूड आणि पाणी या दोन धारा एकत्र आल्या त्या घरगुती कार्यशाळेत. त्यासाठी दोन गोष्टी आधी घडाव्या लागल्या. एक म्हणजे इंटेलने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेले एटीएक्स हे मानक. मदरबोर्डचा आकार, त्याच्या स्क्रूंची स्थाने आणि जोडण्यांची जागा त्याने निश्चित केली. परिणामी पेटी कोणी घडवावी यावरील उत्पादकाचा ताबा सैल झाला. दुसरी म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रक्रियक ठरलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालविण्याची बळावलेली हौस. ही मंडळी जुन्या मोटारींतील हीटरचे रेडिएटर आणि मासे पाळण्याच्या टाकीचे पंप वापरून स्वतःच जलशीतन सिद्ध करीत. तयार संच विकणारे व्यवसाय त्यानंतर उभे राहिले.

पाण्याने नेमके काय साधते, हे आकड्यांनी स्पष्ट होते. एक लिटर पाणी एक अंशाने तापण्यास सुमारे ४,२०० जूल उष्णता लागते. तेवढ्याच हवेस जेमतेम १.२ जूल पुरतात. ४०० वॅट उष्णता बाहेर न्यावयाची असेल, तर मिनिटास ४ लिटर पाणी फिरविल्यास ते सुमारे दीड अंशानेच तापते. हेच काम हवेकडून करून घ्यावयाचे आणि तिला दहा अंश तापू द्यावयाचे म्हटले, तरी मिनिटास सुमारे २,००० लिटर हवा पेटीतून वाहावी लागते. पाणी उष्णता नष्ट करीत नाही, ते तिचा हमाल होते. रेडिएटरपाशी ती शेवटी हवेच्याच स्वाधीन होते. फरक पडतो तो हा देवघेव होण्याच्या जागेत. रेडिएटर पेटीच्या कडेस, माथ्यावर किंवा सर्वस्वी बाहेर ठेवता येतो, आणि पेटी हवेच्या बोगद्याच्या कामातून बऱ्याच अंशी मोकळी होते.

लाकडाच्या दृष्टीने ही मुक्तता महत्त्वाची आहे. लाकडाची उष्णतावहनक्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, हा त्याचा एक दोष झाला. वस्तुतः पत्र्याच्या पेटीतही बहुतेक उष्णता भिंतींतून न जाता हवेबरोबर जाते. त्यामुळे लाकडाचा खरा शत्रू दुसराच आहे. हवेतील आर्द्रतेनुसार लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, रेषांच्या दिशेने मात्र नगण्य प्रमाणात. रोज तापून निवणारी कोरडी हवा एकाच फळीवर आदळत राहिली तर फळी वाकते किंवा तडकते. म्हणून जाणता कारागीर रेषा एकमेकींना छेदतील असे थर चिकटविलेले प्लायवूड किंवा मुळातच कमी हलणारे सागवान निवडतो, चारही भिंतींच्या रेषा एकाच दिशेने फिरवितो, आणि धातूचे भाग भरीव फळीस जखडताना स्क्रूची भोके लांबट ठेवतो. तांब्याच्या ठोकळ्यांबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडला तर दोहोंतील विद्युत्-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम झिजते. म्हणून सबंध जलमार्गात एकच धातुकूळ राखावे लागते. बाष्प गोठून लाकूड भिजेल ही शंका मात्र निराधार आहे. खोलीतील हवेनेच निवणारे पाणी खोलीहून थंड होऊ शकत नाही, आणि दवबिंदू हवेच्या तापमानाहून वर जात नाही. यास्तव मुंबईच्या भर पावसाळ्यातही अशा नळ्यांवर दव धरण्याचे कारण नाही.

रेडिओलहरींचा प्रश्न पाण्याने सुटत नाही. येथे कारागिरास कायद्याच्या एका तरतुदीने वाट करून दिली. विक्रीसाठी नसलेली, स्वतःच्या उपयोगासाठी घरी घडविलेली, पाचाहून अधिक नसलेली साधने अमेरिकेच्या नियमांत पूर्वपरवानगीतून वगळली आहेत. चांगल्या तांत्रिक पद्धतीने ती घडवावीत, एवढीच अपेक्षा आहे. मंडलफलक धातूच्या तबकावर बसविणे किंवा पेटीस आतून धातूचा पातळ पत्रा लावणे हे उपाय तीतूनच येतात. कारखान्यास ही सवलत नाही. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या नॉर्थ या पेटीच्या दर्शनी भागावर अक्रोड किंवा ओकच्या पट्ट्या आहेत, परंतु त्यांमागील पेटी पोलादाचीच आहे. कारखान्यात लाकूड परतले ते अलंकार म्हणून. भार वाहणारी भिंत म्हणून ते टिकले ते घरच्या कार्यशाळेत.

५

या विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, येथे जुन्या कारागिरीचे पुनरागमन झाले असे म्हणणे अर्धसत्य होय. १९७६ ची लाकडी पेटी शक्य झाली, कारण यंत्रात उष्णता अल्प होती. आजची शक्य झाली, कारण उष्णता विपुल असूनही ती पेटीच्या जबाबदारीतून काढून पाण्याकडे सोपविता आली. बाह्य रूप सारखे, परंतु कारणे परस्परविरुद्ध. केवळ रूपसादृश्यावरून परंपरेचे सातत्य सिद्ध करणाऱ्या अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. या इतिहासात पेटी उत्पादकाच्या हाती जाते तेव्हा यंत्र मालकास बंद होते, आणि मानक खुले असते तेव्हा ते पुन्हा उघडते. अ‍ॅपल-१ च्या ग्राहकास पेटी करावीच लागली, ती त्याच्या माथी मारलेली गरज होती. आजचा कारागीर ती स्वेच्छेने करतो. या स्वातंत्र्याचा आधार सुताराच्या कौशल्याइतकाच १९९५ च्या त्या स्क्रूंच्या स्थानांत आहे. प्रक्रियक, स्मृती आणि बॅटरी एकाच न उघडणाऱ्या आवरणात सांधून विकण्याची प्रवृत्ती वाढत असताना हे मानक किती काळ टिकेल, यावर लाकडी पेटीचे भवितव्य अवलंबून आहे; लाकडाच्या किंवा पाण्याच्या गुणांवर नव्हे.